एकोणीस अमिनो आम्लांचा फरक : मेना प्रथिनाचं प्रकरण

२००० साली एमआयटीत फ्रँक गर्टलर यांच्या प्रयोगशाळेत झालेल्या एका प्रयोगाचा निकाल अगदी उलटा आला. रांगणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेवर एकाच कुटुंबातली काही प्रथिनं गर्दी करून असतात. जी कड पुढे सरकत असते तिथे ती ठळक दिसतात, मागे हटणाऱ्या कडेवर पुसट. त्यामुळे पेशीला पुढे रेटण्याचं काम त्यांचंच, असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. गर्टलर यांच्या गटाने ही प्रथिनं कडेवरून उचलली आणि त्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांवर नेऊन बांधून ठेवली. म्हणजे माल घरातच, पण गोदामाला कुलूप. आता पेशी मंदावणार, असाच कुणाचाही अंदाज असता. प्रत्यक्षात त्या जास्त वेगाने रांगू लागल्या. मग उलट करून पाहिलं, तीच प्रथिनं मुद्दाम जादा प्रमाणात कडेवर आणून बसवली. पेशी मंदावल्या.

पुढे आठ वर्षांनी, २००८ मध्ये, याच प्रयोगशाळेने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या सहकाऱ्यांबरोबर दुसरा निष्कर्ष मांडला: याच कुटुंबातलं मेना हे प्रथिन एका विशिष्ट रूपात असलं, तर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी गाठीतून बाहेर पडून दूरवर पसरतात. एकीकडे ब्रेक, दुसरीकडे अॅक्सिलरेटर. दोन्ही प्रयोग नीट केलेले होते आणि दोन्ही निकाल टिकले. ते एकाच वेळी खरे कसे, हेच हे प्रकरण.

माशीपासून सुरुवात

या कुटुंबाचा पहिला सदस्य फळमाशीत सापडला. माणसाच्या रक्ताच्या एका कर्करोगात ज्या एबल जनुकाची मोडतोड होते, त्याचाच भाऊबंद माशीतही आहे. तो बिघडला आणि सोबत आणखी एका जनुकाची मात्रा कमी पडली, तर माशी प्रौढ होण्याआधीच मरते. १९९० साली असं दिसलं की तिसऱ्या एका जनुकाची मात्रा निम्मी केली तर या माश्या जगतात. जगणं शक्य करणारं म्हणून त्याचं नाव पडलं 'एनेबल्ड'. १९९६ मध्ये सस्तन प्राण्यांतला त्याचा जोडीदार मिळाला, तो मेना. व्हॅस्प आणि ईव्हीएल ही त्याची दोन भावंडं. मेना नसलेले उंदीर जन्माला येतात, पण मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मज्जातंतूंचा पूल त्यांच्यात नीट बांधला जात नाही. वाढत्या चेतातंतूचं टोकही रांगणाऱ्या पेशीसारखंच वाट चाचपत जातं, आणि तिथेही हेच प्रथिन लागतं. हा तपशील लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मेनाची रचना मालगाडीसारखी आहे, एकामागे एक डबे. पुढच्या डब्यात एक पकड. एक फेनिलअॅलॅनिन आणि त्यामागे ओळीने चार प्रोलिन (ही दोन्ही अमिनो आम्लंच) असा तुकडा ज्या प्रथिनावर असेल, त्याला ती धरते. लिस्टेरिया हा जिवाणू पेशीत शिरल्यावर हीच पकड फसवतो, असे तुकडे आपल्या अंगावर बाळगून मेना-व्हॅस्पला कामाला लावतो आणि पेशीभर धूमकेतूसारखा फिरतो. मधल्या डब्यात प्रोलिनची रांग आहे, ती अॅक्टिनचा, म्हणजे पेशीला आतून रेटणाऱ्या धाग्यांचा, कच्चा माल खेचून आणते. शेवटचा डबा तयार धाग्याला चिकटतो आणि चार मेनांना एकत्र बांधतो.

परांचीवरचा बांबू

अॅक्टिनचा धागा जेमतेम ७ नॅनोमीटर जाड. एकेक अॅक्टिन रेणू त्याच्या एका टोकाला येऊन बसतो आणि धागा वाढतो. असे हजारो धागे कडेच्या पटलाला आतून रेटतात, आणि पेशी पुढे एक पातळ पदर पसरते. पण पेशी कुठलाही धागा फार वाढू देत नाही. वाढत्या टोकावर टोपी घालणारं एक प्रथिन असतं, ते बसलं की वाढ बंद. शिवाय एआरपी२/३ हे संकुल जुन्या धाग्याच्या अंगातून नवी फांदी काढतं, साधारण ७० अंशांच्या कोनात. आखूड आणि फांद्या फुटलेले धागे मिळून कडेमागे दाट जाळी होते.

मेना-व्हॅस्प कुटुंब या टोपीला आडवं येतं. ते वाढत्या टोकापाशी ठाण मांडून टोपी बसू देत नाही, त्यामुळे धागा लांबत जातो आणि फांद्याही कमी फुटतात. २००२ साली गर्टलर यांच्या गटाने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ही जाळी पाहिली आणि आधीच्या कोड्याचं उत्तर तिथेच मिळालं. कडेवर ही प्रथिनं भरपूर असलेल्या पेशींत धागे लांब, सरळ आणि विरळ. ती काढून घेतलेल्या पेशींत आखूड, फांद्यांचे, दाट.

इमारतीच्या परांचीला बांबू बांधताना गवंडी लांब बांबूला मध्ये आडवा देतो. नाही दिला तर भार आला की बांबू वाकतो. इथेही तेच. लांब, आधाराशिवायचा धागा पटलाला रेटतो झपाट्याने, पण पटल उलट दाबतं तेव्हा तो वाकतो आणि पदर मागे कोसळतो.

हे मोजायची पद्धत मला फार आवडते. रांगणाऱ्या पेशीच्या व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेममधून कडेला काटकोनात एक अगदी अरुंद पट्टी कापायची आणि सगळ्या पट्ट्या क्रमाने शेजारी शेजारी चिकटवायच्या. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर अंतर. कडेचा सगळा प्रवास एका चित्रात येतो. मेना-व्हॅस्प जादा असलेल्या पेशीचं चित्र करवतीच्या दातांसारखं: रेघ खाडकन वर जाते, खाडकन खाली येते, पुन्हा वर. ती प्रथिनं काढलेल्या पेशीत रेघ हळू चढते, पण चढतच राहते. विद्यार्थ्यांना दोन्ही चित्रं दाखवून 'कोणती पेशी जास्त वेगाने पुढे जाईल' विचारलं, तर निम्म्याहून जास्त हात करवतीसाठी वर जातात. कडेचा वेग आणि पेशीचा वेग या दोन गोष्टी आहेत हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा २००० सालच्या प्रयोगातला ब्रेक समजला. मेना कडेला पळवतो आणि त्यामुळेच, काचेच्या बशीत कुठल्याही हाकेविना भटकणाऱ्या फायब्रोब्लास्टला, म्हणजे जोडऊतकातल्या साध्या पेशीला, एकूण मंदावतो.

सुईत शिरलेल्या पेशी

आता ब्रॉन्क्स. अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जॉन काँडीलिस यांचा गट वेगळ्या प्रश्नामागे होता: गाठीत कोट्यवधी पेशी असतात, पण बाहेर पडणाऱ्या मोजक्या. त्या मोजक्याच वेगळ्या काढून त्यांच्यात काय निराळं आहे ते बघता येईल का?

त्यांची युक्ती साधी होती. भूल दिलेल्या उंदराच्या स्तनातल्या गाठीत अतिशय बारीक सुया खुपसायच्या. सुईच्या पोकळीत पेशींभोवतीच्या जाळीसारखा एक मऊ जेल आणि त्यात ईजीएफ, म्हणजे पेशीला वाढीचा आणि हालचालीचा इशारा देणारं प्रथिन. सुया यंत्राने जागेवर धरून सुमारे चार तास थांबायचं. सुई गाठीतून पेशी ओढून काढत नाही. ज्यांना ईजीएफची चाहूल लागते आणि त्या दिशेने चालत यायची ताकद आहे, त्याच आत शिरतात. शेवटी सुईतला जेल बाहेर ढकलून पेशी मोजायच्या.

मोजल्यावर दोन गोष्टी निघाल्या. पहिली: सुईत फक्त कर्कपेशी नव्हत्या, साधारण पाव हिस्सा मॅक्रोफेजचा होता. मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या साफसफाईच्या आणि राखणीच्या पेशी. इथे त्या कर्कपेशींच्या सोबतीने चालत होत्या. कर्कपेशी सीएसएफ-१ हे इशाऱ्याचं प्रथिन सोडून मॅक्रोफेजला बोलावते, मॅक्रोफेज ईजीएफ सोडून कर्कपेशीला. एकीची हाक बंद केली की दोघीही थांबतात. राखणदारच चोराला वाट दाखवतो म्हणण्याचा मोह होतो, पण मॅक्रोफेज जखम भरताना जे करतो तेच इथेही करत असतो.

दुसरी गोष्ट जनुकांच्या पातळीवरची. सुईत आलेल्या कर्कपेशींची गाठीतल्या उरलेल्या पेशींशी तुलना केली तेव्हा, २००४ च्या सुमारास, अॅक्टिन हाताळणारी बरीच जनुकं एकदम चढलेली दिसली: कोफिलिन, एआरपी२/३ चे भाग, टोपी घालणारं प्रथिन, आणि मेना. धागा कापणारा, फांदी काढणारा, टोपी घालणारा, टोपी अडवणारा, सगळेच एकत्र वाढलेले. हे विचित्र वाटतं, पण वर्दळीच्या रस्त्यावर रिक्षाही जास्त असतात आणि ट्रॅफिक पोलीसही.

मग बारकाईने पाहिल्यावर कळलं की मेना वाढला एवढं म्हणून भागत नाही. एकाच जनुकाच्या प्रतीतून काही तुकडे ठेवून, काही गाळून पेशी वेगवेगळी रूपं बनवते. सुईत शिरलेल्या पेशींत 'मेना-इन्व्ह' हे रूप वाढलेलं होतं. त्यात पहिल्या डब्यानंतर लगेच १९ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. 'मेना-११ए' हे रूप मात्र घटलं होतं. त्यात वेगळ्या जागी २१ अमिनो आम्लांचा तुकडा असतो, आणि शेजारणींना घट्ट धरून रांगेत बसलेल्या पेशींत ते आढळतं. ११ए चं वर्णन प्रथम माणसाच्या स्तन-कर्कपेशींतून रोममधल्या एका गटाने केलं होतं. पेशीने रांग सोडली की ११ए जातो आणि इन्व्ह येतो. पाचशेहून जास्त अमिनो आम्लांच्या प्रथिनात एकोणीसांची भर, तेवढाच फरक.

२००८ च्या शोधनिबंधात हा तुकडा असलेला मेना उंदराच्या जातीतल्या स्तन-कर्कपेशींत घालून पाहिला. पेशी जास्त वेगाने धावल्या, यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या कानांचं. साध्या पेशींना जेवढा ईजीएफ लागतो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी ईजीएफला या पेशी पदर पसरून उत्तर देत होत्या. अॅक्टिनच्या धाग्यावर काम करणारं प्रथिन पेशीला तिखट कानांची बनवतं, हे त्या वेळी कुणाच्या चित्रात नव्हतं.

त्याची यंत्रणा २०१५ मध्ये बऱ्यापैकी उलगडली. ईजीएफचा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पटलावरचा त्याचा इशारा ऐकणारा कान, जागा झाला की त्याच्यावर फॉस्फेट चढतात, आणि ते उतरवून त्याला परत गप्प करायचं काम पीटीपी१बी नावाचं एन्झाइम करतं. साधा मेना या एन्झाइमला रिसेप्टरपाशी आणायला मदत करतो. मेना-इन्व्ह असला की ही सोबत तुटते, एन्झाइम वेळेवर पोचत नाही, आणि रिसेप्टर जास्त वेळ बोलत राहतो. म्हणजे मेना-इन्व्हमध्ये दोन वेगळे बिघाड एकत्र येतात: इशारा लांबतो, आणि त्या इशाऱ्यावर उगवणारा धागाही लांबतो.

इथे फायब्रोब्लास्टचं कोडं पुरतं सुटतं. दिशा नसलेल्या पेशीला करवतीसारखी कड निरुपयोगी. पण समोरून मॅक्रोफेजची हाक येते आहे, पायाखाली पेशींभोवतीच्या जाळीतला कोलॅजनचा तंतू रुळासारखा पसरलेला आहे, अशा वेळी झटकन पुढे गेलेला पदर मागे कोसळायच्या आत धरायला जागा सापडते. प्रथिनाचं काम बदललेलं नाही, ते आजही टोपीच अडवतं. मला विचाराल तर 'मेना चांगला की वाईट' या प्रश्नाइतका वेळ खाणारा दुसरा प्रश्न या क्षेत्रात नसेल.

उंदरांतला पुरावाही याच्याशी जुळतो. जनुकीय खटपट करून ज्यांना स्तनात गाठी होतातच अशा उंदरांच्या जातीतून मेना काढून टाकला. गाठी तरीही झाल्या, पण रक्तात उतरलेल्या कर्कपेशी आणि फुप्फुसांतल्या नव्या गाठी कमी झाल्या. मेना गाठ बनवत नाही, तो तिला पाय देतो.

तीन रंग, एक ठिपका

प्रयोगशाळेतून हे प्रकरण पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर आलं २००९ मध्ये. जिवंत उंदरांच्या गाठीत डोकावताना काँडीलिस यांच्या गटाला दिसलं होतं की कर्कपेशी रक्तवाहिनीत कुठूनही शिरत नाहीत. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून एखादा मॅक्रोफेज बसलेला असतो आणि त्याला खेटून मेनाने भरलेली कर्कपेशी, अशा जागीच त्या शिरतात. हेच तिहेरी ठिकाण माणसाच्या गाठीच्या स्लाइडवर शोधायचं ठरलं.

स्लाइडवर तीन रंग चढवतात: मेना असलेल्या कर्कपेशी लालसर, मॅक्रोफेज तपकिरी, रक्तवाहिनीची भिंत निळी. मग मोठ्या भिंगाखाली एकेक क्षेत्र बघत जायचं. निळी रेघ सापडली की तिच्या कडेने नजर फिरवायची. नुसता लाल चालत नाही, नुसता तपकिरीही नाही. तिन्ही एकमेकांना टेकलेले हवेत, मध्ये फट नको. तसं सापडलं की एक गुण. अशा ठिकाणाला टीएमईएम म्हणतात. पहिल्या अभ्यासात ६० स्त्रियांच्या जपून ठेवलेल्या गाठी होत्या, ३० जणींचा आजार पुढे पसरलेला आणि त्यांच्या जोडीच्या ३० जणींचा न पसरलेला. पसरलेल्या गटात या ठिकाणांची संख्या सुमारे दुप्पट निघाली. आणि लसिकाग्रंथीत आजार पोचला होता की नाही याच्याशी तिचा संबंध नव्हता, म्हणजे जुन्या खुणा जे सांगत नाहीत ते ही खूण सांगत होती.

२०१४ मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर पुन्हा तपासलं, तेव्हा चित्र आकुंचलं. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा रिसेप्टर असलेल्या आणि हर-२ या वाढीच्या रिसेप्टरचा अतिरेक नसलेल्या गाठींमध्ये संबंध टिकला, बाकी प्रकारांत नाही. अशा आकुंचनाने चाचणीचं महत्त्व कमी होत नाही, उलट ती कुणासाठी आहे ते कळतं. मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये: स्लाइडवरचा लाल रंग मेनाच्या सगळ्या रूपांना चढतो, एकोणीसांचा तुकडा तो ओळखत नाही. ठिपका जागा सांगतो, रूप सांगत नाही.

केमो आणि फॉरवर्ड

२०१७ मध्ये याच ब्रॉन्क्सच्या गटाने जे छापलं त्याने हे प्रकरण वर्तमानपत्रांत नेलं. ऑपरेशनच्या आधी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध दिलेल्या उंदरांच्या गाठी लहान झाल्या, पण त्यांच्यात टीएमईएमची ठिकाणं आणि मेना-इन्व्ह दोन्ही वाढले, रक्तातल्या कर्कपेशीही वाढल्या. ऑपरेशनआधी केमो घेतलेल्या २० स्त्रियांच्या नमुन्यांतही बहुतेकींमध्ये गुण वाढलेले दिसले. मॅक्रोफेजवरचा टाय-२ रिसेप्टर रेबॅस्टिनिब या औषधाने अडवला तर उंदरांत हा परिणाम ओसरला.

मला तेव्हा दोन ग्रुपवर 'केमोमुळेच कॅन्सर पसरतो, शास्त्रज्ञांची कबुली' असा मजकूर आला. आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावर डॉक्टरकडे येणाऱ्या बायका पुष्कळ, त्यामुळे आधी केमो, मग ऑपरेशन हा क्रम किती तरी घरांनी पाहिलेला आहे. अशा घरात हा मजकूर काय करतो ते सांगायला नको.

त्यातलं खरं काय? टीएमईएमचे गुण वाढले, हे खरं. त्यामुळे त्या स्त्रियांचा आजार जास्त पसरला, हे त्या निबंधात दाखवलेलं नाही. पसरला की नाही ते मोठ्या चाचण्या सांगू शकतात. २०१८ मध्ये अशा १० चाचण्यांतल्या ४,७५६ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तीच केमो ऑपरेशनच्या आधी घेतलेल्यांत १५ वर्षांत दूरच्या अवयवांत आजार परतण्याचं प्रमाण ३८.२ टक्के, नंतर घेतलेल्यांत ३८.०. फरक नाही. स्तनात आणि आसपास आजार परतण्याचं प्रमाण मात्र आधी घेतलेल्यांत जास्त, २१.४ टक्के विरुद्ध १५.९. त्याचं एक सरळ कारण दिसतं: गाठ आक्रसल्यामुळे स्तन वाचवणारी ऑपरेशनं जास्त झाली. प्रामाणिकपणे हेही लिहायला हवं की त्या जुन्या चाचण्यांत पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं थोड्यांनाच मिळाली होती, तेव्हा २०१७ च्या प्रश्नाला हे थेट उत्तर नव्हे. पण केमो थांबवा म्हणायला जो पुरावा लागेल, तो त्या फॉरवर्डमध्ये नव्हता आणि मूळ निबंधातही नव्हता.

पकडीत काय घालायचं

मेना-इन्व्हला औषधाने अडवणं का अवघड आहे, ते त्याच्या रचनेतच दिसतं. मेना एन्झाइम नाही. एन्झाइमला खोल खाच असते, तिच्यात गोळी अडकवता येते. मेनाकडे आहे ती पहिल्या डब्यातली उथळ पकड, प्रोलिनची रांग जेमतेम टेकेल एवढी. २०२० मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोलिनच्या रांगेची ताठ नक्कल करणारे रेणू तयार करून ते या पकडीत नीट बसवून दाखवले. स्तन-कर्कपेशींची घुसखोरी त्या रेणूंमुळे कमी झाली, झेब्राफिश माशाच्या पिल्लांत रक्तवाहिनीतून बाहेर पडणाऱ्या पेशीही कमी झाल्या. इतक्या उथळ जागी रेणू टिकवणं ही रसायनाची मोठी करामत आहे.

फक्त ती पकड मेना-इन्व्हमध्ये आहे, तशीच ११ए मध्ये आहे, व्हॅस्प आणि ईव्हीएलमध्येही आहे. एकोणीस अमिनो आम्लांचा तो तुकडा पकडीच्या मागे सुरू होतो आणि या रेणूंना तो दिसत नाही. रांगेत बसलेली निरोगी पेशी, रक्तातली प्लेटलेट, मेंदूतलं चेतातंतूचं टोक, सगळ्यांकडे हीच पकड आहे.